स्कोअर ८७

सकाळी उठून मोबाइल बघितला तर रात्रीत लेन्स कॅपच्या १३०० ऑर्डरी. म्हणजे पूर्ण झालेल्या नाहीत, नुसते पेमेंटचे प्रयत्न. लेन्स कॅप म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायचं काळं प्लॅस्टिकचं झाकण, आमच्या साइटवरची सगळ्यात स्वस्त वस्तू, महिन्याला फार तर दहा-बारा जातात. मी आणि ताई मिळून वापरलेल्या कॅमेरा लेन्स घेतो, साफ करतो, तपासतो आणि ऑनलाइन विकतो, एवढासाच धंदा आहे. त्यामुळे मला आधी खरंच वाटलं की कुणीतरी बड्या फोटोग्राफरने आपलं नाव कुठेतरी टाकलंय आणि आपण झोपेत फेमस झालोय. ताईने स्क्रीनकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "एका रात्रीत १३०० लोकांची झाकणं हरवली का रे?"

याला कार्ड टेस्टिंग म्हणतात हे मला त्या दिवशी दुपारी कळलं. चोराकडे चोरलेल्या कार्ड नंबरांची लांबलचक यादी असते पण त्यातली चालू किती आणि बंद पडलेली किती हे त्यालाही माहीत नसतं, मग तो एक बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) लावतो आणि कुठल्यातरी छोट्या, फारशी तटबंदी नसलेल्या साइटवर सगळ्यात स्वस्त वस्तू एकेका कार्डवर घेऊन बघतो. पेमेंट झालं की कार्ड चालू. ते मग दुसरीकडे महागाचं काहीतरी उचलायला वापरायचं नाहीतर पुढे विकून टाकायचं. झाकण त्याला नकोच असतं. वायरमन कसा खिशातला टेस्टर सॉकेटला लावून बघतो, लाइट लागली की करंट आहे, तसं आमचं दुकान त्याच्यासाठी नुसता टेस्टर होतं. पण टेस्टरचं काही बिघडत नाही, आमचं बिघडलं. प्रत्येक प्रयत्नाला गेटवेची (आमच्यासाठी कार्डाची पेमेंट घेणाऱ्या सर्व्हिसची) फी लागली, ४१ पेमेंट खरोखर पास झाली आणि पुढच्या दोन महिन्यांत त्यातल्या बहुतेकांचे चार्जबॅक आले, म्हणजे कार्डवाल्याने तक्रार केली आणि बँकेने पैसे आमच्याकडून परत घेतले, प्रत्येकाला वेगळा दंड. शिवाय एकाच दुकानातून इतकी खराब कार्डं आली म्हटल्यावर बँकांच्या नजरेत आपण खटकायला लागतो आणि खऱ्या गिऱ्हाइकांची पेमेंटसुद्धा जास्त नाकारली जातात, ते वेगळंच.

एक गंमत सांगतो. त्या यादीतले सगळे नंबर दिसायला अगदी खरे होते, आणि तोपर्यंत माझी अशी ठाम समजूत होती की खोटा नंबर टाकला तर चेकआउटचा फॉर्मच लाल होतो म्हणजे तिथे काहीतरी तपासणी होतच असणार. होते, पण ती वेगळी. आयबीएममधल्या हान्स पीटर लून नावाच्या माणसाने १९५४ साली पेटंटसाठी टाकलेलं (१९६० साली मिळालेलं) साधं गणित आहे ते. उजवीकडून एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा, दोन अंकी झाला तर त्यातून ९ वजा करायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि तिला १० ने भाग गेला पाहिजे. टाइप करताना एखादा आकडा चुकला तर हे पकडतं. चोराला पकडायला ते बनवलेलंच नाही, ज्याला बेरीज येते तो असे हजारो नंबर बसल्या बसल्या तयार करू शकतो. मी इतकी वर्षं त्या लाल चौकटीच्या भरवशावर निवांत झोपत होतो.

चार्जबॅक आला की पहिला संताप येतो तो बँकेवर. माल गेला आपला, पैसे परत घेतले आपल्याकडून, वर दंड आपल्यालाच, हा कुठला न्याय? पण ही सोय मुळात कार्डवाल्या सामान्य माणसासाठी आहे. अमेरिकेत १९७४ साली फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट आला आणि बिलात चूक दिसली तर ग्राहकाला हरकत घ्यायचा कायदेशीर हक्क मिळाला, तिथून आणि व्हिसासारख्या कार्ड नेटवर्कांच्या स्वतःच्या नियमांतून ही पद्धत जगभर रुळली. ती नसती तर अनोळखी साइटवर कार्ड नंबर टाकायची हिंमत कुणी केली असती का? मी तरी नसती केली. म्हणजे ज्या सोयीमुळे अनोळखी लोक आमच्याकडून लेन्स घेतात तीच सोय उलटी फिरली की आम्हाला चावते, एवढाच प्रकार आहे. समोरासमोरच्या दुकानात चिपवाली कार्डं आली तसे चोरही तिथून हलून ऑनलाइन आले, अमेरिकेत २०१५ च्या ऑक्टोबरात चिपचा नियम लागू झाल्यावर हे ठळकपणे दिसलं. चोर काही बेकार बसत नाही, तो फक्त दार बदलतो.

तर दुधाने तोंड भाजलं होतं, ताक फुंकणं आलंच. मी त्याच आठवड्यात फ्रॉड रोखणारी एक सर्व्हिस घेऊन टाकली. कशी निवडली? खरं सांगायचं तर निवडलीच नाही, ज्याने सगळ्यात आधी फोन उचलला त्याची घेतली. (नाव सांगत नाही, चूक त्यांच्याइतकीच माझीही होती.) त्यांचा डॅशबोर्ड फार देखणा होता, जगाचा नकाशा, त्यावर लाल ठिपके टिमटिमतायत, प्रत्येक ऑर्डरला ० ते १०० संशयाचा स्कोअर, ७५ च्या वर गेला की ऑर्डर आपोआप रद्द. पहिले तीन महिने नव्या ऑर्डरींवर एकही चार्जबॅक नाही. मी ताईला रोज तो नकाशा दाखवायचो, बघ आज १९ अडवले, बघ आज २३. एखाद्या दिवशी आकडा कमी दिसला तर मला चक्क चुकल्यासारखं वाटायचं.

मग एक मेल आला. दोनच ओळी. "मी चोर नाही. लेन्स दुसरीकडून घेतली."

नाव ओळखीचं होतं. पाच वर्षांत आमच्याकडून सात लेन्स घेतलेले गृहस्थ, पक्ष्यांचे फोटो काढतात, लेन्सच्या कडेचा बारीक ओरखडासुद्धा आधी विचारून घेतात आणि माल मिळाला की न मागता फोटो पाठवतात. मी त्यांची ऑर्डर उघडली. एकाच संध्याकाळी तीन वेळा प्रयत्न, तिन्ही रद्द, स्कोअर ८७. ८७ मार्क म्हणजे शाळेत पाठीवर थाप मिळाली असती, इथे मात्र तोंडावर दार आपटलं होतं. शेजारी कारणं म्हणून चार शब्द, नवीन डिव्हाइस, प्रॉक्सी, पत्ता जुळत नाही, वेग जास्त. मी फोन लावला, त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं. ते प्रवासात होते, जुना फोन पाण्यात पडला म्हणून नवा घेतला, हॉटेलच्या वायफायवर भरवसा नाही म्हणून व्हीपीएन लावलं (आपण कुठून जोडलोय ते झाकतं, मशीनला तेच प्रॉक्सी दिसलं), लेन्स हॉटेलच्याच पत्त्यावर मागवली कारण चार दिवसांनी पक्षी उडून जाणार होते आणि पहिला प्रयत्न फसला म्हणून माणूस करतो ते केलं, पुन्हा दाबलं आणि पुन्हा दाबलं. म्हणजे त्यांनी केलेली एकूण एक गोष्ट शहाण्या माणसाची होती आणि मशीनच्या लेखी त्यातली प्रत्येक गोष्ट चोराची होती. सात लेन्सचा इतिहास कुठे गेला असं मी त्या सर्व्हिसवाल्यांना विचारलं तर कळलं की तो इतिहास आमच्या जुन्या सिस्टिममध्ये होता आणि जोडणी करताना तो त्यांना दिलाच नव्हता. कुणी मागितला नाही, आम्हाला सुचलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि दोर आम्हीच पुरवला होता.

त्या रात्री ताईने पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. ती अकाउंट्स बघते, तिला नकाशाबिकाशा दाखवून काही होत नाही. म्हणाली, समज १०,००० ऑर्डरी आल्या आणि त्यात शंभरातली एक चोराची, म्हणजे १०० चोर आणि ९,९०० साधी माणसं. तुझं मशीन समज फार हुशार आहे, १०० तले ९० चोर पकडतं आणि साध्या माणसांत फक्त ५ टक्के वेळा चुकतं. ऐकायला किती छान वाटतं ना? आता ९,९०० चे ५ टक्के काढ. ४९५. म्हणजे एकूण अडवले ५८५, त्यात चोर ९०. दर साडेसहा माणसांत एक चोर आणि बाकीचे साडेपाच आपले. तू रोज मला २३ अडवले म्हणून दाखवायचास ना, ते कोण होते?

मला उत्तर देता आलं नाही. आणि कुणालाच देता येत नाही, खरी मेख तिथे आहे. चोर सुटला तर दोन महिन्यांनी का होईना चार्जबॅकचं पत्र येतं, दंड कापला जातो, ती चूक ओरडून सांगते. साधा माणूस अडला तर काहीच होत नाही. तो शिव्या घालतो, टॅब बंद करतो आणि दुसरीकडून लेन्स घेतो. त्याची कुठे नोंद नाही, नकाशावर तो उलट लाल ठिपका म्हणून मिरवतो, आपल्या यशात जमा होतो! दोन ओळींचा मेल पाठवणारा एखादाच.

त्यानंतर आम्ही दुसऱ्यांदा निवडायला बसलो ते असं. सेल्सवाले चारपाच आले, सगळे गोड बोलणारे. पहिलाच म्हणाला आमची अचूकता ९९ टक्के. ताई म्हणाली, शंभरात एक चोर असेल आणि मी डोळे मिटून सगळ्यांनाच साधू म्हटलं तर माझीपण अचूकता ९९ टक्केच येते, पगार काय द्याल? तो हसला, पण उत्तर काही दिलं नाही. खरा प्रश्न जोडीने विचारावा लागतो, एवढे चोर पकडायचे तर किती साधे अडकतील, आणि ते माझ्या दुकानात, तुमच्या इतर गिऱ्हाइकांच्या सरासरीत नाही. कारण कपडे विकणाऱ्याचा चोर आणि लेन्स विकणाऱ्याचा चोर एकसारखा नसतो. आमच्याकडची महागडी लेन्स हातोहात विकली जाते, एखादा जुना फिल्टर कुणी चोरणार नाही.

म्हणून आम्ही सगळ्यांना सांगितलं की आमच्या जुन्या ऑर्डरींवर चालवून दाखवा. यात दोन खड्डे आहेत आणि पहिल्यात आम्ही पडलोच. आम्ही गेल्या महिन्यापर्यंतच्या ऑर्डरी दिल्या आणि अलीकडच्या सगळ्या चांगल्या धरल्या कारण त्यांच्यावर तक्रार नव्हती. पण तक्रार यायला वेळ असतो, कार्ड नेटवर्कांच्या नियमात बऱ्याच प्रकारांना १२० दिवसांपर्यंत मुभा आहे. म्हणजे कालची चांगली ऑर्डर अजून पिकलेलीच नसते. शेवटचे चार महिने काढून टाकल्यावर सगळ्यांचे आकडे बदलले, एकाचे तर फारच. दुसरा खड्डा म्हणजे जुन्या सर्व्हिसने ज्यांना अडवलं ते चोर होते की नव्हते हे कधी कळणारच नाही, त्यांना चोर म्हणून यादीत टाकलं तर नवं मशीन जुन्याच्याच चुका इमानदारीत शिकून येतं. त्याला उपाय एकच, अडवायच्या ऑर्डरींतल्या थोड्या, अगदी थोड्या, मुद्दाम सोडून बघायच्या. धंद्याच्या माणसाला हे ऐकूनच घाम फुटतो, मला फुटला. आम्ही स्वस्तातल्या वस्तूंपुरतं केलं. (आणि हो, फाइल देताना पूर्ण कार्ड नंबर देऊ नका, मुळात तो तुमच्याकडे असताच कामा नये. सुरुवातीचे सहा आकडे आणि शेवटचे चार पुरतात.)

मग गॅरंटीवाले. यांचं म्हणणं, आम्ही पास केलेल्या ऑर्डरीवर फ्रॉडचा चार्जबॅक आला तर पैसे आम्ही भरू. मी भाळलो होतो. ताईने करार वाचला, तीन वेळा वाचला. फ्रॉडचा म्हणजे फक्त फ्रॉड या कारणाचा. व्हिसाच्या कोडात बोलायचं तर १०.४ आला तर ते भरणार, १३.१ म्हणजे माल मिळालाच नाही अशी तक्रार आली तर आपण भरायचं. आणि माल घेऊन मिळाला नाही म्हणणारे महाभाग कमी नाहीत, आमच्याकडे एकाने तर त्याच लेन्सने काढलेले फोटो टाकले होते आणि खाली लेन्सचं नावही लिहिलं होतं. शिवाय विचार करा, चुकीच्या पासचे पैसे ज्याच्या खिशातून जाणार तो जरा शंका आली की नाहीच म्हणणार, त्याच्या जागी मीही म्हटलं असतं. फी फक्त पास झालेल्या ऑर्डरीवर असते म्हणून थोडा तोल राहतो, पण करारात कमीत कमी किती टक्के ऑर्डरी पास करणार हे लिहून घेतलं नाही तर गॅरंटी कागदावर सोन्यासारखी आणि दुकान रिकामं. मोठ्या उलाढालीवाल्यांना ती परवडत असेल, आम्हाला नाही जमलं.

थ्री-डी सिक्युअरचंही असंच. बँक स्वतः ग्राहकाला ओटीपी नाहीतर ॲपमधून विचारते, तो पास झाला की फ्रॉडच्या चार्जबॅकची जबाबदारी सहसा बँकेकडे जाते. काही देशांत ते सक्तीचंच आहे, तिथे प्रश्न मिटला. जिथे नाही तिथे मोह होतो की सगळ्यांनाच लावून टाकू, सुंठीवाचून खोकला गेला. पण प्रत्येक जादा पायरीवर काही माणसं गळतात, ओटीपी येत नाही, ॲप उघडत नाही, मूड जातो. आम्ही ते मधल्या स्कोअरवाल्यांनाच लावलं, ओळखीच्यांना नाही.

ऑनलाइन पेमेंटवाल्या पेपाल कंपनीच्या सुरुवातीच्या दिवसांची एक गोष्ट मला या सगळ्यात सारखी आठवायची. २००० च्या आसपास त्यांनाही चोरांनी जेरीस आणलं होतं. पेपालचा एक संस्थापक मॅक्स लेव्हचिन आणि मंडळींनी संशयास्पद व्यवहार आपोआप पकडून रद्द करणारं सॉफ्टवेअर बनवलं तर चोर तासादोनतासात चाल बदलायचे. मग त्यांनी असं केलं की मशीनने फक्त संशयास्पद ते वर काढून समोर ठेवायचं आणि निर्णय माणसाने घ्यायचा. त्या सिस्टिमचं नाव त्यांनी इगोर ठेवलं, त्यांना डिवचणाऱ्या एका चोराच्या नावावरून. आता मशीनं तेव्हापेक्षा कितीतरी हुशार झालीत हे मान्य, आणि ज्यांच्याकडे मिनिटाला शेकडो ऑर्डरी आहेत त्यांनी माणूस कुठे कुठे बसवायचा. पण आमच्याकडे दिवसाला जेमतेम साठ. साठ ऑर्डरींसाठी आम्ही एक माणूस काढून नकाशा घेतला होता.

शेवटी घेतलं ते अगदीच साधं निघालं. चौकशीला आलेल्या सर्व्हिसमधली सगळ्यात कमी देखणी, डॅशबोर्ड म्हणजे नुसता तक्ता. पण तीन गोष्टी होत्या. प्रत्येक स्कोअरमागचं कारण कळेल अशा भाषेत लिहिलेलं असतं, कुठल्या गोष्टीने किती वाढला आणि कुठल्या गोष्टीने किती उतरला. आमचा जुना ग्राहक-इतिहास त्यांनी पहिल्याच कॉलमध्ये स्वतःहून मागितला. आणि सोडून जायचं झालं तर आमचे नियम, आमच्या याद्या, सगळं फाइलमध्ये घेऊन जाता येईल हे करारात लिहून दिलं, हे विचारायची अक्कल मला पहिल्या वेळी नव्हती. युरोपातलं गिऱ्हाईक असेल तर जीडीपीआर या तिथल्या डेटा-कायद्याच्या कलम २२ मुळे निव्वळ मशीनने घेतलेल्या महत्त्वाच्या निर्णयावर माणूस दाद मागू शकतो, त्यासाठीही कारण हाताशी असलेलं बरं. झाकणांच्या टोळधाडीला तर फार काही लागलंच नाही, एका डिव्हाइसवरून तासात किती प्रयत्न यावर मर्यादा आणि चेकआउटवर बॉट अडवणारी एक पायरी, गेटवेतच होतं ते, फुकट, फक्त कुणी चालू केलं नव्हतं. तेवढं सोडलं तर आपोआप रद्द हा प्रकारच आम्ही ९५ च्या वर नेऊन ठेवला. ६० ते ९५ मधलं सगळं ताईच्या रांगेत येतं, दिवसाला चारपाच. ती कारणं वाचते, जुन्या ऑर्डरी बघते, कधी मेल टाकते कधी फोन करते, आणि चोर बहुतेक वेळा फोन उचलतच नाही हेही तिचंच निरीक्षण. चार्जबॅक पूर्ण थांबले नाहीत. महिन्याला एखादा येतो, तो येतो तेव्हा अजूनही माझं डोकं फिरतं आणि मी म्हणतो ७५ ला परत आणूया. ताई तो पाठकोरा कागद काढून दाखवते, जपून ठेवलाय तिने.

पक्षीवाल्या गृहस्थांना मी तेव्हाच लांबलचक मेल लिहिला होता, माफी मागून, काय झालं, का झालं, स्कोअर ८७ आला होता वगैरे सगळं खरं खरं. उत्तर आलं नाही. मी धरून चाललो होतो की गेले ते.

गेल्या महिन्यात त्यांची ऑर्डर आली. पुन्हा प्रवासातून, पुन्हा भलत्याच पत्त्यावर, व्हीपीएन आहेच. रांगेत दिसल्या दिसल्या ताईने मला हाक मारली आणि पास करायच्या आधी मुद्दाम फोन लावला, स्पीकरवर. "तुमचीच ऑर्डर आहे ना, एवढंच विचारायला केला."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. "माझीच. या वेळी किती मार्क दिलेत?"

"चौसष्ट," ताई म्हणाली.

"बरं. म्हणजे घसरतोय मी."